नवरंगाचा पाचोळा

"मोबाईल वाजवला की नाही, तेवढंच सांग."

"नाई वाजवला, ताई. किती डाव सांगू?"

"मागच्या वर्षी पण आधी नाहीच म्हणाला होतास."

"मागच्या वर्षी वाजवलता. मंग कबूल केलं ना! तुमच्यासमोर कान पकडले. त्याच दिवशी नवरंगाचा आवाज मोबाईलमधून पुसून टाकला. हा घ्या, पाहा."

"मला नको दाखवूस. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जेवणाच्या खोलीत तुझ्या मोबाईलवर शीळ वाजत होती."

"तो हळद्या होता! त्यांच्याच लेकराले ऐकवला. जेवत नव्हतं म्हणून."

"हळद्या काय आणि नवरंग काय!"

"असं म्हणता?" प्रीतमचा आवाज चिरकला. "पाखराच्या नावावर गिऱ्हाईक बोलावता तुमी, ताई, अन् असं म्हणता?"

"तोंड सांभाळ." रागिणीताई खुर्चीतून उठल्या. "महिनाभर तो पक्षी आपल्या मागच्या दारी होता. मी त्याचा फोटो सगळीकडे टाकला. पाहुणे आले आणि पक्षी गायब. दोन दिवस ती माणसं चिखलात बसून डास मारत होती. मोबाईलवर त्याचीच शीळ वाजवून कोणी पळवल्याशिवाय गेला तो?"

"तेच तं मले बी समजून नाई राहिलं." आणि एकदम तो दाराकडे वळला. "मावशीले विचारा! मावशी दिवसभर मागंच असते. मावशी, सांग ना ताईले. मी वाजवला का मोबाईल?"

दारात जाईबाई चहाचा ट्रे धरून उभी होती.

"मले काय माहीत, बाप्पा," ती म्हणाली. "मी सैपाकात होती."

तिला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून प्रीतमनं पुन्हा विचारलं. सावकाश, समजावून. आणि जाईबाईनं पुन्हा तेच उत्तर दिलं. या वेळी जरा मोठ्यानं.

जाईबाई सैपाकात नव्हती. पक्षी का गेला, हे अख्ख्या सेमाडोहमध्ये एकट्या तिलाच ठाऊक होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," रागिणीताईंनी निकाल दिला. "आणि वनखात्याच्या नाक्यावर पण सांगणार आहे मी. असा गाईड कोणाच्याच गळ्यात पडायला नको. तुझ्या वडिलांचा नंबर आहे ना माझ्याकडे?"

"बाबाले मधात नका आणू, ताई."

"खोटं बोलताना बाप आठवला नाही का?"

प्रीतम पायऱ्या उतरून गेला. जाईबाईनं ट्रे तसाच आत नेला आणि मोरीत सगळा चहा ओतून दिला.

जाईबाई मूळची मूर्तिजापूरची, स्टेशनामागच्या वस्तीतली. तिच्या लहानपणी शकुंतला गाडी कोळशावर चालायची. गाडी गेली की अंगणात काजळीचा भुसा पडायचा आणि आई खराटा घेऊन बाहेर यायची. गाडी आली, आई झाडायची. गाडी परतली, आई पुन्हा झाडायची. जाईला चालता येऊ लागलं तेव्हापासून तिच्या हातात छोटा खराटा होता. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "काय वं, पाव्हणे येऊन राहिले का?" आई म्हणायची, "आले तं लाजायचं काम नाई."

लग्न होऊन ती सेमाडोहला आली. नवरा देवमन रोपवाटिकेत रोजंदारीवर. मोठा थट्टेखोर माणूस. इथं कोळसा नव्हता, पण साग होता. सागाचं पान ते केवढं, ताटाएवढं. आणि गळायला लागलं की थांबायचं नाव नाही. ती सकाळी अंगण लख्ख करायची, दुपारपर्यंत सागानं परत भरलेलं. देवमन बाजेवरून म्हणायचा, "जंगल झाडाले आली वं तू! सरकारले सांगतो, पगार लावा इले." देवमन गेला, पोरगी अंजनगावला सासरी गेली, आणि जाईबाईला खरंच पगार लागला. अमरावतीच्या रागिणीताईंनी नदीकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, आणि झाडलोट, पाणी, वरकाम जाईबाईकडे आलं. तिनं झाडलेल्या अंगणावर खराट्याच्या रेघा अशा उमटायच्या की पाहुणे चपला काढून चालायचे. एकानं तर अंगणाचाच फोटो काढला. रागिणीताई कौतुकानं सांगायच्या, "आमच्या जाईबाई आहेत ना, त्यांचं आहे हे." त्या दिवशी जाईबाईला भाकर गोड लागायची.

प्रीतम भातकुलीचा. बापाचं काळ्या मातीचं वावर सोडून पाखरांच्या मागे मेळघाटात आलेला. गाईडचं कार्ड मिळालं तेव्हा तिला पेढा देऊन पाया पडला होता. त्याचे शर्ट ती धुवायची, त्याच्या डब्यात ठेचा ठेवायची, आणि त्याला येता-जाता शिव्या घालायची.

"मावशी, थांब. हलू नको," असं तो कुजबुजला, ती जूनमधली एक सकाळ होती. ती मागच्या दारानं खरकटं टाकायला निघाली होती.

"साप हाय का?"

"साप नाई वं. त्या करवंदीच्या जाळीखाली पाह्य."

आधी तिला काही दिसलं नाही. मग पाचोळ्यातलं एक पान आपोआप उलटलं. मग दुसरं. आणि पानांच्या त्या तपकिरी पसाऱ्यातून एक पाखरू टुणकन उडी मारून पुढं आलं. मैनेपेक्षा लहान, गोलमटोल, उभं राहायची ऐट मात्र फौजदाराची. पाठ हिरवी, खांद्यावर निळ्याचा असा तुकडा की नवी काचेची बांगडी फोडून लावलीय. पोट फिक्या बदामी रंगाचं. गळा पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा, त्याच्या वर पांढरी भुवई.

"अगं माय," जाईबाईच्या तोंडून निघालं. "हे कोणाचं पाळलेलं सुटून आलं?"

"पाळलेलं नाई. नवरंग हाय. नऊ रंग. मोज."

तिनं मोजले. "मले तं आठच दिसले."

"नववा लपवून ठेवते तो. वाकू दे त्याले."

पाखरू गांडूळ ओढायला वाकलं आणि आखूड शेपटीखाली असा लाल दिसला, की जाईबाईनं नकळत पदर तोंडाला लावला. कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखा.

"अन् शेपूट कोणी कापून नेलं याचं?"

"तेवढंच असते ते. हालवते पाह्य कसं, वर-खाली. हिवाळ्यात दक्षिणेत राह्यते, पार समुद्राकडं. पाऊस यायच्या आधी रात्री-रात्री उडत इकडं येते, पिल्लं काढाले. एवढा रस्ता येते अन् बसते कुठी, तं तुह्या खरकट्याच्या जागी!"

मग रोज पहाटे आणि दिवस बुडताना मागून शीळ यायची. दोन सुरांची, एक चढता, एक उतरता, जणू कोणी कोणाला लांबून हाक मारतंय आणि उत्तराची वाट बघतंय. नवरंग सागाच्या फांदीवर चढायचा, मान मागं टाकायचा आणि अख्खं अंग हलवून ओरडायचा. पलीकडून दुसरा उत्तर द्यायचा. जाईबाई चूल पेटवता पेटवता म्हणायची, "उठला माहा नवरंग."

एके दिवशी प्रीतमनं तिचा खराटाच धरला.

"मावशी, एक गोष्ट ऐकशीन? मागचं झाडू नको. नाल्यापर्यंतचं बिलकुल नाई."

"काहून? नांदते का कोणी तिथं?"

"नांदतेच! हा पाचोळा म्हंजे त्याचं ताट हाय. पानाखालची गांडुळं, किडे खाते तो. ताटच झाडून टाकशीन तं खाईन काय? अन् सुकी पानं चोचीत घेऊन जातानी पाह्यलं मी दोघाले. कुठंतरी घर बांधून राहिले. खाली, जमिनीजवळच. मले नाई दिसलं अजून, अन् हुडकत बी नाई मी. आपण पाय नाई ठेवायचा, बस."

"बरं बरं. मोठा आला पाखराचा बाप."

तिनं ऐकलं. पण ऐकताना तिचा जीव किती तळमळला, ते तिलाच माहीत. समोर खराट्याच्या रेघा, आणि मागं गुडघाभर पाचोळा. मागच्या दारानं जाताना ती मान वळवून घ्यायची.

पावसाळ्यात सफारी थंडावते आणि रागिणीताईंच्या खोल्या रिकाम्या पडतात. या वर्षी त्यांनी नवरंगाचा फोटो टाकला आणि अकोल्याहून डॉक्टरांचं अख्खं कुटुंब यायचं ठरलं. म्हातारी आई, सून, नातू, मोठमोठे कॅमेरे. ते मागच्या दारीच बसणार होते. प्रीतम त्यांना आणायला सकाळीच गाडीसोबत परतवाड्याला गेला.

जाईबाईनं समोरचं अंगण झाडलं. मग सहज मागं येऊन उभी राहिली. दोन दिवसांची उघडीप होती, वरची पानं कुरकुरीत वाळली होती. इथं खुर्च्या लागणार. इथं अकोल्याची मोठी माणसं बसणार, आणि म्हणणार, हेच का ते जाईबाईचं अंगण? म्हाताऱ्या बाईच्या पायाखाली साप निघाला तर? तिनं ठरवलं, खुर्च्यांपुरतंच झाडायचं. चार हात जागा.

पण हातांना चार हातांची सवय नव्हती. खराट्याची सळसळ सुरू झाली आणि ती कधी पुढं सरकली, कधी करवंदीपर्यंत पोचली, तिला समजलं नाही. जाळीच्या बुडाशी पानांचा, काड्यांचा, मुळ्यांचा एक गोळा अडकला होता, घागरीएवढा. असा गचाळ गोळा की कोणालाही कचराच वाटावा. तिनं खराट्यानं ओढला, टोपल्यात दाबला आणि नेऊन खताच्या खड्ड्यात पालथा केला.

गोळ्याला बाजूनं एक भोक होतं. त्या भोकातून अंडी घरंगळली. पांढरीशुभ्र, चिनीमातीसारखी चकाकणारी, त्यांवर जांभळे शिंतोडे. एक दगडावर आपटून फुटलं. बाकीची शेणाच्या काल्यावर तशीच पडून राहिली.

तिनं वर पाहिलं. नवरंग जवळच्याच फांदीवर बसला होता. ओरडत नव्हता. फक्त ती आखूड शेपटी वर-खाली, वर-खाली करत होता.

यानंतर जाईबाईनं जे केलं ते पुढं कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं फावड्यानं अंड्यांवर माती ओढली. मग टोपलं घेऊन नाल्यापलीकडे धावली, पाचोळा भरला, आणला आणि झाडलेल्या जागेवर हातांनी पसरू लागली. एक टोपलं, आणखी एक, आणखी एक. जन्मभर कचरा उचललेली बाई वाकून वाकून कचरा मांडत होती. पानं उलटीसुलटी करत होती, कुठं रेघ दिसू नये म्हणून पायानं विस्कटत होती. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तिनं घाम पुसला आणि समोरच्या दारानं जाऊन हसत म्हणाली, "या, या. रस्त्यात त्रास नाई ना झाला?"

पाचोळा जागच्या जागी होता. म्हणून तर कोणाला जाईबाईचा संशय आला नाही. आणि पाचोळा जागच्या जागी असूनही पक्षी नव्हता, म्हणून संशय प्रीतमवर गेला.

प्रीतम भातकुलीला निघून गेला. त्याच्या जागी चिखलदऱ्याकडून एक नवा गाईड येऊ लागला, गोड बोलायचा. रागिणीताईंनी खरंच प्रीतमच्या बापाला फोन केला. स्वयंपाकघरात भांडी घासताना जाईबाईनं तो शब्द न् शब्द ऐकला. "तुमचा मुलगा खोटारडा आहे, नत्थुजी. सांगायला वाईट वाटतं."

ती मनाशी म्हणायची, पोट्टा जवान हाय, दुसरं काम भेटन. मी बुढी बाई, मले काढलं तं कोण ठेवन? हे खरंच होतं. पण ते खरं असून भाकर घशाखाली उतरत नव्हती. समोरचं अंगण ती आता अर्धवट झाडायची. रेघा वाकड्या पडायच्या. रागिणीताईंनी विचारलं, "बरं नाही का, जाईबाई?" ती म्हणाली, "कंबर दुखते."

मग एका संध्याकाळी दिवा लावताना तिनं शीळ ऐकली. नाल्यापलीकडून, उंचावरून. एक चढता सूर, एक उतरता. थोड्या वेळानं दुसऱ्यानं उत्तर दिलं. पहिलं घर मोडलं तर नवरंगाची जोडी दुसरं बांधायला घेते, हे प्रीतमनंच कधीतरी सांगितलं होतं. चला, पाखराचं तरी निभावलं, असं म्हणावंसं वाटलं, आणि म्हणवेना.

रागिणीताई ओसरीवरून धावत आल्या. चेहरा खुललेला.

"ऐकलंस? ऐकलंस जाईबाई? आला! बघ, तो भामटा गेला आणि पक्षी परत आला. मी म्हणत नव्हते?"

"त्याले भामटा म्हणू नका, ताई."

"अगं, आता तू त्याची बाजू..."

"त्यानं नाई पळवला. मी झाडलं." जाईबाई खालीच बसली. "मागचं झाडलं मी. घरटं उचलून खड्ड्यात टाकलं. अंडी होती त्याच्यात. मंग पाचोळा आणून पसरला, तुमाले कळू नये म्हणून. त्यानं मले विचारलं तुमच्यासमोर, दोन डाव विचारलं, अन् मी सैपाकात होती म्हटलं."

जाईबाई शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी त्याच्या बापाला फोन केला, जाईबाई," रागिणीताई म्हणाल्या, अगदी हळू. "नाक्यावर तक्रार केली. त्यांनी त्याचं कार्ड जमा करून घेतलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार मागं घेतली. नाक्यावरचे साहेब म्हणाले, पोरानं स्वतः येऊन सही केली तर कार्ड परत देतो, पण महिनाअखेरीच्या आत. त्यानंतर आला तर नव्या यादीत त्याचं नाव राहणार नाही. रागिणीताईंनी प्रीतमला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, तर त्यानं मोबाईलच बंद करून टाकला होता.

"तू जा," त्या म्हणाल्या. "माझं नाही ऐकणार. तुझं ऐकेल."

जाईबाईला वाटलं, माहं तं बिलकुल नाई ऐकणार. पण ती गेली.

परतवाड्याला गाडी बदलली, अमरावतीला बदलली. भातकुलीत घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच टपरीवर कोणीतरी म्हणालं, "पाखरंवाल्या प्रीतमचं का? ज्याले हाकललं तो?"

नत्थुजी ओट्यावर पाय पसरून बसले होते. वाळका, टोकदार माणूस.

"जयभीम, दादा. मी सेमाडोहहून आली. जाईबाई."

"जयभीम. या, बसा. पाणी द्या रे बाईले," त्यांनी आत हाक दिली. "तुमीच का त्या मावशी? लय सांगायचा तुमचं. मावशीचा ठेचा, मावशीचं अंगण. आता काही नाई सांगत. तोंडात मूग घेऊन फिरते. मी म्हटलं, लेका, पाखरं दाखवून कोणाचं पोट भरलं? अन् तेही खोटं बोलून!"

प्रीतम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. पाठीवर फवारणीचा पंप होता, रिकामा. तिला पाहून थबकला. तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"कशी हाय, मावशी?"

"खोटं तो नाई बोलला, दादा," जाईबाई बापाकडे बघत म्हणाली, कारण पोराकडे बघणं जमत नव्हतं. "खोटं मी बोलली."

आणि तिनं सगळं सांगितलं. खुर्च्यांपुरती जागा, करवंदीची जाळी, टोपलं, खड्डा, पसरलेला पाचोळा. काही गाळलं नाही. नत्थुजींनी पसरलेले पाय हळूहळू आखडून घेतले.

प्रीतमनं आधी विचारलं ते पाखराबद्दल.

"पिल्लं होती का अंडी?"

"अंडी."

"फुटली?"

"एक फुटलं. बाकीची चांगली होती. मी माती लोटली त्याच्यावर."

"चांगली होती." त्यानं डोळे मिटले. "काहून लोटली, मावशी? मी गाडीतच होतो. एक फोन करायचा होता. घरटं जसंच्या तसं उचलून जाळीत ठेवलं असतं. काय सांगावं, बसलीही असती मादी."

जाईबाईला हे सुचलंच नव्हतं. त्या वेळी तिला फक्त एकच गोष्ट सुचली होती, आपलं नाव कसं वाचवायचं. हे ती त्याला सांगू शकली नाही.

"घर बांधून राहिले ते पुन्हा," ती घाईघाईनं म्हणाली. "नाल्यापलीकडं. रोज ओरडते. अन् नवा पोट्टा हाय ना, तो लोकाले तिकडं नेऊन राहिला, पार जाळीपर्यंत. मी मना केलं तं हसते. तू असता तं पाय ठेवू दिला नसता."

प्रीतमची मान किंचित हलली.

"ताईनं तक्रार मागं घेतली. सही पाहिजे फक्त तुही. हा महिना सरायच्या आत. मंग नाई भेटणार कार्ड. ताई म्हणे, पाया पडतो म्हणा माह्या वतीनं."

"ताईचं सोड."

"मंग माहं ऐक. मले मार, शिव्या दे. मी काम सोडून देतो, तुले माहं तोंड पाहाचं नसन तं. पोरीकडं जाईन अंजनगावले. पण तू ये."

नत्थुजी खाकरले. "प्रीतम," ते म्हणाले, आणि त्यांच्या टोकदार आवाजाला पहिल्यांदाच धार नव्हती, "मी गावभर सांगत फिरलो, रे. माहंच पोट्टं खोटारडं म्हणून."

प्रीतमनं बापाकडे पाहिलं नाही. खांबापासून सरकला, टाकीपाशी गेला, पंपात पाणी भरलं, झाकण आवळलं. पंप पाठीवर चढवताना पट्टा मुरगळला होता. जाईबाई सवयीनं उठली, पट्टा सरळ करायला हात पुढं केला. त्यानं स्वतःच सरळ केला.

"येशीन ना, प्रीतम?" ती म्हणाली. "सांग ना. ताईले काय सांगू मी?"

तो ओटा उतरला, रस्ता ओलांडला आणि तुरीच्या ओळींमधून वावराकडे चालता झाला.